ठाण्या-वाशीहून क्रूझला निघताय? बॅलार्ड पियर गाठताना या चुका टाळा

केबिन कोणती घ्यावी, बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, जैन जेवण मिळेल का, यावर ठाण्याच्या आमच्या बुकिंगच्या टेबलासमोर लोक तासन् तास बोलतात. जहाजापर्यंत जाणार कसे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "ते काय, मुंबईतच तर आहे. गाडी करू." मग निघायच्या दिवशी दुपारी माझा फोन वाजायला लागतो. ठाण्याहून मुंबईपर्यंत सगळे व्यवस्थित येतात. घोळ होतो तो शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये, आणि दरवेळी त्याच चार-पाच कारणांनी. ती कारणं एकदा नीट लिहून काढतो.

"बोट गेटवेवरून सुटते ना?"

नाही, सुटत नाही. मुंबईतून समुद्रावर जायची ठिकाणं वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांना लागून नाहीत. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या बोटी सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच आणि मांडव्याची रो-रो. मोठी प्रवासी जहाजं लागतात बॅलार्ड पियरला, इंदिरा डॉकच्या आवारात. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. आत जायचा रस्ता बॅलार्ड इस्टेटमधून, ग्रीन गेटने. हे सगळं तिकिटाबरोबर आलेल्या कागदावर छापलेलं असतं. पण तो कागद कुणी वाचत नाही, कारण घरातल्या एखाद्या मामांनी ठामपणे सांगितलेलं असतं, "गेटवे रे, अजून कुठून?"

कासारवडवलीचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. दुपारी फोन आला. "आम्ही पोचलो, पण जहाज कुठे दिसत नाही हो." कुठे आहात विचारलं तर म्हणे, ताजसमोर. भाड्याच्या गाडीवाल्याने त्यांना उतरवलं होतं आणि पोलीस हटकतो म्हणून तो पुढे निघूनही गेला होता. पाच मोठ्या बॅगा, डोक्यावर ऊन, आजी एका बॅगेवर बसलेल्या. भोवती फोटो काढणाऱ्यांचा गराडा आणि "एलिफंटा, एलिफंटा" असं ओरडत मागे लागलेली तिकीटवाली पोरं. त्यांतल्याच एकाने धाकट्या मुलाला सांगितलं, मोठं जहाज लांब समुद्रात उभं आहे, लाँचने नेतात. घरचे जवळजवळ लाँचची तिकिटं काढायला निघाले होते! चेक-इन बंद व्हायला तासाच्या आतबाहेर वेळ राहिला होता.

मी त्यांना एवढंच सांगितलं की लाँचवाल्यांशी बोलू नका, रस्त्यावर या आणि मिळेल ती काळी-पिवळी धरा. पाच माणसं आणि पाच बॅगा म्हणजे दोन टॅक्स्या आल्या. पहिली नीट पोचली. दुसरीतल्या वडिलांनी नुसतं "डॉक" म्हटलं, तर चालकाने गाडी नेली लायन गेटला. ते नौदलाच्या गोदीचं दार, तिथे सामान्य माणसाला थांबूही देत नाहीत. तिथून वळून शहीद भगतसिंग मार्गाने ग्रीन गेटपर्यंत येईस्तोवर आजी, सूनबाई आणि धाकटा गेटपाशी जीव मुठीत धरून उभे. जहाज मिळालं. पण त्या सूनबाईंनी परत आल्यावर मला सांगितलं की पहिली रात्र नुसती डोकेदुखीत गेली. एवढे पैसे भरून ही सुरुवात का व्हावी?

म्हणून "पोर्ट", "डॉक", "गोदी" असले मोघम शब्द चालकाला सांगू नका. मुंबई बंदराची गेटं पी. डिमेलो रोडच्या कडेने लांबवर पसरलेली आहेत आणि त्यांना रंगांची नावं आहेत. ऑरेंज गेट वेगळं, यलो गेट वेगळं. मी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून देतो: "बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल". चिठ्ठी खिशात ठेवायची नाही, गाडीत बसल्याबरोबर चालकाच्या हातात द्यायची. आणि आदल्या दिवशी जहाज कंपनीचा शेवटचा मेसेज पुन्हा उघडून गेट आणि वेळ ताडून बघायची. पाच मिनिटांचं काम आहे. ते करायचा कंटाळा येतो, याचा मला मनापासून राग येतो.

रविवारचा मेगाब्लॉक

जहाज रविवारी असेल तर शनिवारी रात्री ब्लॉकचं वेळापत्रक बघा. मध्य रेल्वेचा ब्लॉक पुष्कळदा माटुंगा-मुलुंडमध्ये असतो आणि तोही सकाळी अकरा ते दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे नेमकी तुमची निघायची वेळ. जलद गाड्या धीम्या मार्गावर येतात, गर्दी दुप्पट होते. हार्बरवर तर कधी कधी सीएसएमटीकडची वाहतूकच बंद असते. अशा दिवशी वाशी-नेरुळवाल्यांनी लोकलचा विचार सोडून द्यावा.

एरवी मी लोकलच्याच बाजूचा आहे. ठाणे ते सीएसएमटी जलद गाडीने साधारण तासाभराच्या आतलं काम. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये याच मार्गावर धावली, ३४ किलोमीटर, आणि आजही या अंतरासाठी तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. अट एकच: माणशी एक बॅग, तीही स्वतः उचलता येईल अशी, आणि सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघायचं. साडेआठच्या गाडीत चाकांची बॅग घेऊन चढू पाहणाऱ्यांना लोक बोलतात, आणि बरोबरच बोलतात.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेकरांनी ट्रान्स-हार्बर सीएसएमटीला जात नाही हे निघण्याआधीच लक्षात घ्यावं. बदलावं लागणारच. सामान असेल तर मी वाशीला बदला म्हणतो. ठाण्याच्या पुलावर बॅगा ओढत नेणं म्हणजे शिक्षा.

सीएसएमटीला जीपीओच्या बाजूने बाहेर पडा. तिथून बॅलार्ड पियर इतकं जवळ आहे की टॅक्सीवाले एकतर नाही म्हणतात, नाहीतर दोनशे सांगतात. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, हे माहीत असू द्या. मीटरवर येणारा शोधा, दोन-तीन नकारांनंतर मिळतो. थोडे वर द्यायला माझी हरकत नाही, पण लहान अंतर आहे म्हणून वाटेल तो आकडा कबूल करू नका.

"मॅप सव्वा तास दाखवतोय"

रात्री अकराला घरी सोफ्यावर बसून बघितलेला सव्वा तास दुसऱ्या दिवशी दुपारी लागू होत नाही. घोडबंदर रोडवरून माजिवड्याला पोचायलाच किती वेळ जातो, हे तिथे राहणाऱ्यांना मी काय सांगणार? पुढे आनंदनगरच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, तेवढं सुख. छेडानगरला फ्रीवेकडे जायचं वळण चुकलं की थेट सायन, मग दादर, भायखळा करत सिग्नल मोजत बसा. फ्रीवेवरून उतरल्यावर ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे. तिथे गाडी रांगते. ठाण्याहून जहाजाच्या चेक-इनला गाडीने निघणाऱ्यांना मी अडीच तास धरायला सांगतो. लोक म्हणतात, फार होतात. लवकर पोचलात तर बॅलार्ड इस्टेटच्या झाडांखाली उभे राहा. उशिरा पोचलात तर जहाज थांबत नाही.

पनवेल, उलवे, खारघरहून अटल सेतू चांगलाच. २१.८ किलोमीटर, शिवडीला उतरून सरळ फ्रीवेला लागता येतं. एकेरी टोल २५० रुपये. पण वाशी-सानपाड्याच्या माणसाने नुसत्या हौसेपोटी उलट उलव्याला जाऊन सेतू धरू नये. वाशीचा पूल आणि मानखुर्दवरून फ्रीवे हाच त्यांचा रस्ता. रिक्षा आणि दुचाकी सेतूवरही चालत नाहीत आणि फ्रीवेवरही.

बाहेरगावचे नातेवाईक विमानाने येऊन तुमच्याबरोबर जहाजात बसणार असतील, तर तिकीट कोणत्या विमानतळाचं आहे ते डोळ्यांनी बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. "मुंबईला उतरतोय" एवढ्यावर गाडी पाठवू नका.

निरोपाला आलेली मंडळी

त्यांना घरीच ठेवा. गेटच्या आत प्रवाशांशिवाय कुणाला सोडत नाहीत. भावजय, आत्या, शेजारचे काका अशी सगळी वरात गेटवर उतरते, तिथेच फोटो, तिथेच डबे हातात देणं, मागे गाड्यांची रांग. आणि या गडबडीत आधार कार्ड आत्याच्या पर्समध्येच राहून जातं. हे मी पाहिलं आहे.

परतीची घाई

आता माझा सगळ्यात आवडता विषय, कारण इथे चूक टाळणं सगळ्यात सोपं असूनही कुणी टाळत नाही. जहाज सकाळी धक्क्याला लागतं. शेकडो माणसं एकाच वेळी बाहेर येतात आणि सगळी एकाच वेळी मोबाइलवर गाडी मागवतात, तीही आतूनच. पिन पडतो गोदीच्या मध्यावर. चालकाला आत सोडत नाहीत. तो पी. डिमेलो रोडवर घिरट्या घालतो, "सर, किधर हो?" विचारतो आणि शेवटी राइड रद्द करतो. नेरुळच्या भिशीच्या बायकांचा एक गट असाच गेटवर अडकला होता. एकामागून एक गाड्या रद्द. मी फोनवर म्हटलं, ताई, बॅगा ओढत थोडं चालत या, आत बॅलार्ड इस्टेटमध्ये. तर म्हणाल्या, "आम्ही दमलोय, दारातच गाडी हवी." दारात खासगी गाडीवाले उभेच असतात. त्यांनी तोंडाला येईल तो भाव सांगितला आणि या बायकांनी तो दिला. पाच मिनिटं चालायचं नव्हतं म्हणून!

माझी सवय सांगतो. गेटबाहेर पडेपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही. बाहेर आल्यावर चालत ब्रिटानियापर्यंत जायचं. १९२३ पासूनचं इराणी रेस्टॉरंट, बॅलार्ड इस्टेटमध्ये विचारलंत तर कुणीही दाखवेल. पिन तिथे टाकायचा. गाडी समोर येऊन थांबते.

त्याहून बरं म्हणजे टॅक्सीने सीएसएमटी गाठा. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे येणारी असते, मुंबईहून ठाण्याकडे आणि पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या मोकळ्या असतात. बसायला खिडकी मिळते, बॅग शेजारी ठेवता येते. वाशी-पनवेलच्या गाड्या एक आणि दोन नंबरच्या फलाटावरून सुटतात. हे सांगितलं की लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात, कारण त्यांच्या डोक्यात लोकल म्हणजे संध्याकाळची डोंबिवली फास्ट.

आणि गोव्याला उतरल्यावर

जहाज "गोव्याला" थांबतं म्हणजे मुरगाव बंदरात, वास्कोला लागून. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट-बागा त्याच्याही पुढे, मांडवी ओलांडून. चार-पाच तास हातात असताना बाग्याला जाऊन यायचा हट्ट धरू नका. बोगमाळोचा किनारा जवळ आहे, सड्याचं जपानी गार्डन तर बंदराच्या डोक्यावरच. पणजीलाच जायचं असेल तर जातानाच परतीचीही गाडी ठरवा, ठाण्यासारखी हात दाखवून रिक्षा तिथे मिळणार नाही. आणि जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ उतरताना कागदावर लिहून घ्या. ती जहाज सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते. दोन्ही एकच समजून धावत आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून माझ्या प्रवाशांना मी सांगतो: त्या शेवटच्या वेळेच्या एक तास आधी बंदराच्या दारात उभे असा.