वेष्टनाचे शिक्षण भंगाराच्या दुकानात

मी या कामात आले ती छपाईच्या बाजूने. लेबले आणि मोनो कार्टनची (एकेका नगाच्या छापील पुठ्ठ्याच्या खोक्यांची) आर्टवर्क करत असताना केवळ ऑनलाइन विक्री करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या स्किनकेअर ब्रँडने संपूर्ण पॅकेजिंग पर्यावरणपूरक करून देण्याचे काम माझ्यावर सोपवले आणि मी पहिल्याच बैठकीत हो म्हणून मोकळी झाले. उत्पादन होते व्हिटॅमिन सीचे ३० मिलीचे सीरम. प्लास्टिक वाईट आणि काच चांगली, एवढ्या भांडवलावर मी तपकिरी काचेची ड्रॉपरची बाटली, मॅट लॅमिनेशन केलेले कार्टन आणि कुरिअरच्या खोक्यात भरायला कागदाचा चुरा अशी रचना ठरवली. व्हिटॅमिन सी उजेडाने आणि हवेने खराब होते व तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, तेव्हा काच निवडणे चुकले नव्हते. चुकले ते हे, की ती बाटली प्रवासात कशी राहील हे मी पाहिलेच नाही.

जुलैमध्ये पहिली परत आलेली पार्सले माझ्या टेबलावर आली. चुरा हादऱ्यांनी एका कोपऱ्यात दबून बसला होता, बाटली दुसऱ्या कोपऱ्याला जाऊन टेकली होती, तिची मान तुटली होती आणि पुठ्ठा इतका ओलावला होता की बोट दाबले की आत जात होते. रबरी फुग्यात अडकलेली काचेची नळी मात्र शाबूत होती! फुटलेले सीरम, त्याबदल्यात पाठवलेले दुसरे सीरम आणि दोन्ही वेळची वाहतूक धरली, तर वाचवलेल्या प्लास्टिकचा हिशेब कधीच उलटा झाला होता.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा भरलेला खोका पाडायला सांगते. वाहतुकीच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, हलक्या पार्सलांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'इस्टा १ए' या चाचणीत खोका ७६ सेंटीमीटरवरून १० वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. प्रयोगशाळेत जाण्याआधी घरच्या फरशीवरही पुष्कळ काही कळते. मी चुरा काढून टाकला आणि ई-फ्लूटच्या (आत बारीक नागमोडी थर असलेल्या) ३ प्लाय, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्यातूनच डायने कापलेला, घडी घालून बसणारा साचा केला. त्यात बाटली खांद्यावर तोलली जाते आणि मान कशालाच टेकत नाही. यामुळे खोकाही लहान झाला. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटीमीटरमधल्या गुणाकाराला ५००० ने भागून येणारे वजन धरतात, म्हणजे २० × १५ × १० चा खोका आत काहीही असले तरी ६०० ग्रॅमचा ठरतो आणि अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडतो. १२ × ८ × ६ चा खोका ११५ ग्रॅमवर येतो. पर्यावरणाच्या गोष्टींना मान डोलावून पुढचा विषय काढणारे मालक हा आकडा मात्र वहीत लिहून घेतात.

दुसरे शिक्षण आमच्या भागातल्या भंगाराच्या दुकानात झाले. मी ब्रँडचे सगळे नमुने पिशवीत भरून नेले आणि यातले काय घ्याल, असे दुकानदारांना विचारले. पुठ्ठा घेतला. पॉलिप्रॉपिलीनची, तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेली क्रीमची डबी घेतली. कार्टन फाडून त्यांनी कागदाला चिकटून निघालेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा माझ्यापुढे धरला. मी कौतुकाने निवडलेले मॅट लॅमिनेशन ते हेच. लोशनचा पंप हातात फिरवून ते म्हणाले, "ताई, हे सोडवत कोण बसणार?" त्या पंपात दोन-तीन जातींचे प्लास्टिक, पोलादी स्प्रिंग आणि बारीक गोळी असते. रिफिलचे बहुस्तरीय पाऊच त्यांनी सरळ परत केले. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' आहे. कोणत्या वस्तूला मोल येते, ते त्या नावातच सांगितले आहे.

विघटनशील म्हणून खपणाऱ्या पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकबद्दलही सावध राहावे. त्याचे खत होण्यासाठी औद्योगिक प्रकल्पातली साधारण ६० अंशांची उष्णता लागते, कुंडीतल्या मातीत ते तसेच पडून राहते आणि पीईटीच्या (पाण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या) बाटल्यांत मिसळले तर तो मालही बिघडवते.

शिक्षण म्हणाल तर मुंबईत अंधेरीला १९६६ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. माझ्यासारख्या कलाशाखेतून आलेल्यांनी निदान पुठ्ठ्याच्या कारखान्यात आठवडाभर उभे राहावे. नियमांपैकी २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आणि त्यांतील उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीबाबत (वापरून झालेल्या वेष्टनाच्या कचऱ्याचीही जबाबदारी उत्पादकावर असण्याबाबत) २०२२ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वे स्वतः वाचावीत. कार्टनच काढून टाकण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास घटक, बॅच क्रमांक, किंमत, उत्पादकाचा पत्ता असा सगळा सक्तीचा मजकूर ३० मिलीच्या बाटलीवर वाचता येईल अशा अक्षरांत बसवावा लागतो. मी तीन वेळा प्रयत्न केला आणि कार्टन ठेवले, फक्त लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित लेप दिला.

पंपाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. स्प्रिंगसकट संपूर्ण प्लास्टिकचे पंप मिळतात, पण त्यांची किमान ऑर्डर आमच्या ब्रँडच्या आवाक्याबाहेर होती. तूर्त आम्ही फक्त पहिल्या खरेदीबरोबर पंप देतो आणि पुढच्या बाटल्या साध्या झाकणाने पाठवतो. पंप धुऊन, पूर्ण वाळवून मगच नव्या बाटलीवर बसवावा, ही सूचना खोक्याच्या आतल्या झाकणावर छापलेली असते.