साकवात स्वयंसंवेदी काँक्रीट बसवताय? या चुका टाळा

काँक्रीटमध्ये आखूड कार्बन तंतू मिसळले की ते स्वतःच सेन्सर होते. त्याचे ठोकळे साकवात (ओढ्यावरच्या छोट्या पुलात) बसवून त्यांचा विद्युत रोध मोजायचा. दाब आला की रोध घटतो, ताण आला, म्हणजे काँक्रीट ओढले गेले, की वाढतो. अमेरिकेतल्या बफेलोमध्ये चेन आणि चुंग या संशोधकांनी १९९३ मध्येच हे मांडले.

कोकणात अडचण अशी की रोध पावसानेही घटतो, आणि खारे पाणी मुरले की आणखीच. जूनमध्ये आकडे घसरले म्हणून साकवावर भार वाढला असे समजणे सगळ्यात महागात पडते. त्यासाठी साकवातल्या ठोकळ्याच्याच घाण्यातला (एकाच वेळी कालवलेल्या मिश्रणातला), त्याच मापाचा आणखी एक ठोकळा भार न येईल असा शेजारीच ठेवा आणि त्याच्या रोधातला टक्केवारीतला बदल मुख्य आकड्यातून वजा करा. हा जोडीदार ठोकळा ऑफिसात ठेवून उपयोग नाही. ऊन, पाऊस आणि खारी हवा दोघांना सारखीच लागायला हवी. ठोकळ्यांना इपॉक्सी लावताना वायर बाहेर येते ती जागा नीट बुजवा. पाणी वायरीच्या कडेनेच आत शिरते.

भार नसतानाही आकडा चढतोय? मग बहुधा साधा मल्टीमीटर लावलेला असतो. तो एकदिश प्रवाह (डीसी) सोडतो. त्याने काँक्रीटमधले आयन इलेक्ट्रोडकडे सरकतात आणि रोध वाढल्यासारखा दिसतो. सुमारे १ किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) वापरा. इलेक्ट्रोड चार हवेत: बाहेरच्या दोनांतून प्रवाह द्यायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचे. इलेक्ट्रोडची जाळी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्या.

एकाच घाण्यातले ठोकळे वेगवेगळे वागत असतील तर तंतूंच्या गुठळ्या झाल्या आहेत. १० किलो सिमेंटला सुमारे ५ मिलिमीटर लांबीचे ५० ग्रॅम तंतू, १.५ किलो सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) आणि तंतू सुटे ठेवणारे ४० ग्रॅम मिथाइल सेल्युलोज घ्या. मिथाइल सेल्युलोज आधी पाण्यात विरघळवून त्यात तंतू मोकळे करा, सिमेंट नंतर. फेसनाशक विसरलात तर हवेचे बुडबुडे राहून ताकद घटते. जास्त तंतू घालून संवेदनशीलता वाढत नाही, मिश्रण मात्र काम करायला जड होते.

ठोकळा सळईला कधीही टेकू देऊ नका, मध्ये कव्हर ब्लॉक (अंतर राखणारा छोटा ठोकळा) हवाच. टेकला तर प्रवाह सळईतून पळतो. शिवाय कार्बन, पोलाद आणि खारे पाणी एकत्र आले की सळईच गंजू लागते.

तुलनेसाठीचा मूळ आकडा काँक्रीट ओतल्यापासून २८ दिवसांच्या आत धरू नका. पुढे ट्रक गेल्यावर आकडा जागेवर आला तर ती नुसती ताण-दाबाची हालचाल. वाढलेलाच राहिला तर तडा शोधा.

पायाखालची माती वाहून जाणे मात्र वरच्या ठोकळ्याला कळेलच असे नाही. महाडचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. नदीतल्या खांबांच्या पायथ्याची खोली दर पुरानंतर वेगळी मोजावीच लागते.