अंधुक, विस्कटलेल्या दीर्घिका कशा पाहाव्यात : बेळगाव-खानापूर-चंदगड भागासाठी

दीर्घिकांचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी चालतो, ही बेळगाव सीमाभागातल्या आकाशनिरीक्षकाची पहिली अडचण. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंह, कन्या आणि अरुंधती केश हे तारकासमूह माथ्यावर येतात, तेव्हा निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात कारखान्यांचे दिवे रात्रभर जळत असतात आणि तोडलेल्या फडांत पाचट पेटलेलं असतं. १४व्या प्रतीची दीर्घिका (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक) त्या धुरातून दिसत नाही, मग आरसा कितीही मोठा असो. म्हणून आधी जागा, मग दुर्बीण.

विचित्र दीर्घिका म्हणजे शेजारणीच्या ओढीने वाकलेल्या, शेपट्या फुटलेल्या, एकमेकींत घुसलेल्या दीर्घिका. हॅल्टन आर्प या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९६६ साली अशा ३३८ नोंदींचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. ‘आर्प २४४’ अशी नावं त्यातलीच. त्यातले बरेच फोटो अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीचे आहेत, हे लक्षात असू द्या. १६ इंची दुर्बिणीतून लांब शेपट्या शोधत बसलात तर रात्र वाया जाईल. डोळ्याला सापडते ती विषमता : एक बाजू जास्त उजळ, गाभा मध्यापासून सरकलेला, कडेला खाच, दोन ठिपक्यांच्या मध्ये नुसताच काळोख नसून पुसट धूसरपणा. बघायचं ते एवढंच, आणि ते पुष्कळ आहे.

जागा

बेळगावच्या नैऋत्येला जांबोटीची बाजू, खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग आणि चंदगडची गावं ही चांगली ठिकाणं. पण अगदी घाटमाथ्यावर, चोर्ल्याच्या कड्यापाशी जाऊ नका. कोकणातून वर चढणारी दमट हवा तिथे धुकं करते आणि पश्चिमेला गोव्याचा उजेड असतो. माथ्यापासून थोडं आत, पूर्वेला या. जांबोटीकडून बेळगावचा उजेड ईशान्येला दिसतो. सप्तर्षी आणि त्यांच्या शेजारचा श्यामशबल तारकासमूह त्याच बाजूने वर येतात, तेव्हा त्यांच्यासाठी घाई न करता ते चांगले वर येईपर्यंत थांबा.

जंगल खात्याच्या हद्दीत रात्री थांबायचं नाही. तिथे गवे आणि अस्वलं फिरतात, शिवाय नियमही आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याचं कापणी झालेलं भाताचं खाचर किंवा खळं सगळ्यांत उत्तम. जमीन सपाट हवी, पण जांभ्याचा सडा किंवा सिमेंटचं अंगण टाळा. दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो आणि प्रतिमा थरथरते. विहिरीवरच्या पंपघराला एलईडी दिवा आहे का, हे मालकाला आधीच विचारा. रात्रपाळीची थ्री फेज आली की मोटर आणि दिवा दोन्ही एकदम सुरू होतात आणि अर्ध्या तासाची अंधारसवय एका क्षणात जाते.

आकाशाचा कस पाहायला परदेशी पुस्तकं ध्रुवाजवळचे तारे मोजायला सांगतात. इथे ध्रुव जेमतेम १६ अंशांवर, क्षितिजाच्या धुरकटात. त्याऐवजी पुष्यातला तारकागुच्छ आणि अरुंधती केशातले विखुरलेले तारे पाहा. पहिला नुसत्या डोळ्यांना सहज धूसर डागासारखा दिसला आणि दुसऱ्यातले तारे सुटे सुटे मोजता आले, तर दुर्बीण उघडायला हरकत नाही.

दुर्बीण लावताना

पुढची आकडेमोड १६ इंची, एफ/४.५ (नाभीय लांबी आरशाच्या व्यासाच्या साडेचार पट) डॉब्सोनियनची, म्हणजे साध्या फिरत्या पायावरच्या आरशाच्या दुर्बिणीची आहे. तिची नाभीय लांबी, म्हणजे आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, साधारण १८३० मिमी. १२ इंचीतही पुढच्या यादीतलं बरंच दिसतं, फक्त कष्ट वाढतात. तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं) पुरतात : २४ मिमी (७६ पट), १३ मिमी (१४१ पट) आणि ९ मिमी (२०३ पट). नेब्युलासाठीचे (वायूच्या तेजोमेघांसाठीचे) यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर पेटीतच राहू द्या. दीर्घिकेचा उजेड ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर त्यातला बहुतेक भाग कापून टाकतो.

एवढा जाड आरसा गार व्हायला दीड-दोन तास लागतात. दिवसभर डिकीत तापलेला असेल तर त्याहूनही जास्त. सूर्यास्तालाच दुर्बीण उभी करा आणि आरशामागचा पंखा लावा. गार झाला का, हे कळायला एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या. चकतीवर चुलीवरच्या हवेसारख्या लाटा हलत असतील, तर अजून वेळ आहे.

मग कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं. एफ/४.५ ला यात सवलत नाही. लेझर फोकसरमध्ये घालून आधी तोच तपासा : सैल करून हळूहळू फिरवला की मुख्य आरशावरचा ठिपका गोल फिरतो का? फिरत असेल तर लेझरच वाकडा, त्याच्या भरवशावर काही जुळवू नका. तो ठीक असेल तर दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवून ठिपका मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर आणा. नंतर मुख्य आरशाचे स्क्रू फिरवून परतीचा किरण लेझरच्या भोकात परत पाठवा. लॉक स्क्रू आवळताना जुळणी हलते, म्हणून थोडं थोडं, आळीपाळीने आवळा. शेवटी नळी ६० अंशांवर उचलून पुन्हा बघा. दांड्यांची दुर्बीण वाकवली की लवते, आणि पाहायचं तर वरच असतं.

खानापूरकडे मध्यरात्रीनंतर दव पडतं. पहिला बळी दुय्यम आरशाचा आणि मग आयपीसचा. दुय्यम आरशामागे १२ व्होल्टची हीटर पट्टी लावा आणि न वापरातल्या आयपीस खिशात ठेवा. ओला आरसा पुसायचा नाही, आणि ओल्यावर झाकणही लावायचं नाही. तशीच दुर्बीण पावसाळ्यात कपाटात गेली, तर ऑक्टोबरात आरशाचा मुलामा डागाळलेला मिळेल.

डोळा

अंधाराची सवय व्हायला ३० ते ४० मिनिटं लागतात. या काळात मोबाइल नको, लाल पडदा लावलेलाही नको. नकाशा आधी छापून आणा आणि अगदी मंद लाल दिव्यात वाचा.

दीर्घिकेकडे थेट पाहिलं की ती नाहीशी होते. डोळ्याच्या कडेने पाहायचं, पण कोणत्याही कडेने नाही. उजवा डोळा लावला असेल तर नजर दीर्घिकेच्या उजवीकडे न्या, म्हणजे दीर्घिका नाकाच्या बाजूला राहील. ती कानाच्या बाजूला गेली तर डोळ्याच्या अंधबिंदूवर पडू शकते. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हलणारा धूसर डाग डोळा लवकर पकडतो. श्वास रोखू नका, प्राणवायू कमी पडला की रात्रीची नजर आधी मंदावते. डोक्यावरून काळं सुती कापड घ्या. घोंगडीची खोळ उबदार असते खरी, पण तिची लोकर आयपीसवर पडते.

‘अंधुक म्हणून कमी पट’ हा नेहमीचा गैरसमज. पट वाढवले की दीर्घिका आणि आकाश दोन्ही सारखेच मंदावतात, पण डाग मोठा होतो आणि मोठा डाग डोळ्याला जास्त सहज कळतो. शोधायला ७६ पट, पाहायला १४१ ते २०३. यादीतल्या प्रतीवरही भिस्त ठेवू नका. ११व्या प्रतीची पसरट दीर्घिका १३व्या प्रतीच्या आटोपशीर दीर्घिकेपेक्षा अवघड जाऊ शकते.

पहिली शिकार : आर्प ९४

सुरुवात या जोडीनेच करा, कारण ती शोधावी लागत नाही, चालत येते. सिंहातल्या मघांच्या विळ्यात मघा ताऱ्यानंतर सर्वांत ठळक असलेला गॅमा तारा घ्या. १४१ पटींत तो दोन पिवळसर ताऱ्यांत फुटला, की बरोबर तारा धरला. आता २४ मिमी आयपीस लावून तो मधोमध आणा आणि हात काढून घ्या. दुर्बीण अजिबात हलवायची नाही. आकाश सरकेल, तारा पश्चिमेकडून बाहेर जाईल आणि साडेतीन मिनिटांनी एनजीसी (दीर्घिका वगैरेंची एक यादी) ३२२७ व ३२२६ ही जोडी साधारण मध्यावर येईल. ताऱ्याची आणि या जोडीची क्रांती (आकाशातला अक्षांश) जवळजवळ सारखीच आहे, त्याचा हा फायदा. ठळक तारा क्षेत्राबाहेर गेलेला असल्याने त्याची चमकही आड येत नाही.

मोठी ३२२७ लांबट, ताऱ्यासारख्या टोकदार गाभ्याची. तिच्या वायव्येला छोटी, गोलसर ३२२६. २०३ पटींत दोघींची धूसर कड एकमेकींना टेकलेली वाटते का ते पाहा. मग इथून थोडं उत्तरेला, विळ्यातल्या गॅमा आणि झीटा ताऱ्यांच्या साधारण मधोमध आर्प ३१६ हा चौघींचा गट आहे. एनजीसी ३१९० आणि ३१९३ लगेच दिसतात, ३१८५ ला थोडा वेळ द्यावा लागतो आणि ३१८७ साठी चांगली रात्र लागते.

माथ्याची अडचण

बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश. सिंहातल्या आणि कन्येतल्या अनेक दीर्घिकांची क्रांती १२ ते २० अंशांच्या दरम्यान, म्हणजे त्या थेट डोक्यावरून जातात. तिथे हवा सगळ्यांत स्वच्छ, पण डॉब्सोनियन माथ्यापाशी अडते : थोडंसं सरकवायला अख्खा पाया गरगर फिरवावा लागतो. वस्तू माथ्यावर येण्याच्या एक तास आधी किंवा नंतर पाहा. वेळ काढताना घड्याळातला फरकही धरा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, बेळगाव ७४.५ वर, म्हणून इथला स्थानिक मध्यरात्रीचा क्षण साडेबाराच्या सुमाराला येतो.

१ एप्रिलच्या आसपासची अमावास्येची रात्र धरली तर क्रम असा : आठ ते सव्वानऊ सिंह. अकराच्या आधी आर्प १२०, म्हणजे कन्येतली एनजीसी ४४३८ आणि ४४३५ ही डोळ्यांसारखी जोडी. त्यात ४४३५ नीटस आणि घट्ट, तर ४४३८ ओढली गेलेली, लांबट. मग ती माथ्यावर असेपर्यंत दक्षिणेकडे वळा.

हस्तातल्या वरच्या पश्चिमेकडच्या ताऱ्यापासून साडेतीन अंश नैऋत्य-पश्चिमेला आर्प २४४ आहे, म्हणजे एनजीसी ४०३८ आणि ४०३९. ही रात्री बाराच्या सुमाराला ५५ अंशांवर, अगदी सोयीच्या उंचीवर असते. २०३ पटींत ती काजूगरासारखी दिसते, खाच पश्चिमेला. उत्तरेचा लोळ जास्त रुंद आणि उजळ, आणि नीट पाहिलं तर गुळगुळीत नाही, खरबरीत. ज्या शेपट्यांवरून तिला ‘अँटेना’ म्हणतात, त्यांची आशा इथे धरू नका.

यानंतर श्यामशबलातली आर्प २६९ पाहा. तिथली एनजीसी ४४९० एका टोकाला, छोट्या ४४८५ च्या दिशेने ओढलेली दिसते. आर्प ८५ म्हणजे त्याच तारकासमूहातली एम-५१, एक मोठी आणि एक छोटी अशी दीर्घिकांची जोडी. तिच्यात मोठीपासून छोटीपर्यंतचा पूल दिसतो का, यावरून त्या रात्रीच्या आकाशाची परीक्षा होते. पूल दिसला तरच आर्प २४२ ला हात घाला. अरुंधती केशातली ही जोडी, एनजीसी ४६७६, १४व्या प्रतीच्या आसपास. दोन छोटे, जवळजवळ चिकटलेले डाग दिसले तरी रात्र वसूल. शेपूट दिसल्यासारखी वाटली तर डोळा बाजूला घ्या, मिनिटभर थांबा, पुन्हा पाहा. तीनदा त्याच दिशेला दिसली तरच लिहा. आणि फोटो आधी बघून येऊ नका, नाहीतर डोळा फोटोच दाखवेल.

दिशा ठरवायला दुर्बीण सोडून द्या : वस्तू ज्या कडेने बाहेर जाते ती पश्चिम. चित्र काढताना ती बाण करून आधी लिहा, मग वेळ, पट आणि आकाश. ‘दिसली नाही’ हीसुद्धा नोंदच, शेजारी धूर आणि दवाचा उल्लेख हवा. वही दवाने ओली होते आणि पेन उमटत नाही, तेव्हा २बी पेन्सिल न्या.