वीजगळती कमी करताना या चुका टाळा : डीपीपासून फीडरपर्यंत

नवी तार ओढली, डीपी (वस्तीतली रोहित्रं) वाढवल्या, मीटर बदलले आणि वर्षाने पाहावं तर फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीची, गळती जिथल्या तिथे. मग सगळं खापर आकडे टाकणाऱ्यांवर फुटतं. आकडे काढायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण सांगोल्या-मंगळवेढ्याकडचा शेतीचा फीडर असो की सोलापूरच्या पूर्व भागातली यंत्रमागाची गल्ली, बरीच वीज सैल जोडात, नसलेल्या कपॅसिटरमध्ये (मोटारीमुळे तारेत वाढणारा प्रवाह कमी करणारं उपकरण), एकाच फेजवर टाकलेल्या भारात आणि वहीतल्या चुकीच्या गुणकात (मीटरच्या रीडिंगला ज्याने गुणतात तो आकडा) जाते. यांतल्या बहुतेक चुका दुरुस्त करायला खर्च किरकोळ लागतो.

केंद्राने २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली. कचेरीत तिला सगळे ‘आरडीएसएस’ म्हणतात. एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपये, त्यात केंद्राचं अर्थसाहाय्य ९७,६३१ कोटी. देशपातळीवर एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी (सोडलेल्या विजेपैकी जिचे पैसे हाती येत नाहीत तो हिस्सा) १२ ते १५ टक्क्यांवर आणायची आणि वीज पुरवण्याचा खर्च व मिळणारा महसूल यांतली तफावत शून्य करायची, हे तिचं उद्दिष्ट. त्याआधी २००८ ची आर-एपीडीआरपी आणि २०१४ ची आयपीडीएस होतीच. नव्या योजनेत फरक एवढा, की अनुदान निकालाशी बांधलं आहे. काम झालं हे दाखवून भागत नाही, गळती उतरलेली दाखवावी लागते. म्हणून मोजमापातली चूक आता थेट पैशात दिसते.

टक्क्यांची बेरीज करू नका

ग्रामसभेतच काय, आढावा बैठकीतही ही चूक होते. समजा फीडरवर १,००,००० युनिट सोडले, ८४,००० युनिटांची बिलं निघाली आणि बिलांच्या ९२ टक्के रक्कम वसूल झाली. १६ अधिक ८ म्हणजे २४ टक्के हानी, असा हिशेब मांडला जातो. तो चुकीचा आहे. ०.८४ ला ०.९२ ने गुणायचं, येतात ०.७७२८, म्हणजे हानी २२.७२ टक्के.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. मार्चमध्ये जुनी थकबाकी वसूल झाली की वसुली १०० टक्क्यांच्या वर जाते आणि त्या महिन्याची हानी कागदावर एकदम उतरते. तारांमध्ये काहीच बदललेलं नसतं. चालू बिलाची वसुली आणि जुनी थकबाकी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. ग्रामपंचायतीचे पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंप यांचं थकलेलं बिलही याच हिशेबात येतं, हे सरपंचांनी ध्यानात घ्यावं.

डीपीचा मीटर खोटं बोलतोय का, ते आधी पाहा

एखाद्या डीपीवर ४० टक्के गळती दिसली की लगेच धाडीची तयारी सुरू होते. त्याआधी शेजारच्या डीपीचा आकडा पाहा. तिथे गळती शून्याच्या खाली असेल, म्हणजे दिलेल्यापेक्षा बिलं जास्त युनिटांची निघत असतील, तर एका डीपीचे ग्राहक कागदावर दुसऱ्या डीपीला जोडलेले आहेत. डीपी जळाल्यावर गल्लीचा भार तात्पुरता शेजारी टाकतात आणि नोंद बदलायची राहून जाते. उणे गळती हा सर्वांत खात्रीचा पुरावा आहे. ती कुठे दिसते ते आधी शोधा. खांबापासून सर्व्हिस वायर धरत घरोघर जाऊन ग्राहक क्रमांक जुळवणं हाच यावर उपाय. एका डीपीला साधारण अर्धा दिवस लागतो.

मग मीटर. सीटी (मोठा प्रवाह मीटरला झेपेल एवढा लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) २००/५ ची असेल तर गुणक ४०. नोंदीत २० पडला तर डीपीला मिळालेली वीज निम्मी दिसेल. तीन सीटींपैकी एक उलटी बसली तर समतोल भारावर मीटर खऱ्याच्या एक-तृतीयांशच नोंदवतो, कारण दोन फेजची बेरीज होते आणि तिसरा वजा होतो. एका फेजच्या व्होल्टेजची तार सुटली तर दोन-तृतीयांश. तेव्हा आकडा नेमका १/३ किंवा २/३ च्या आसपास येतोय का, ते पाहा. येत असेल तर चोर शोधण्याआधी पेटी उघडा. डीपीचं रीडिंग १ तारखेला आणि ग्राहकांचं १२ तारखेला, असा खेळ असेल तर कुठलाही महिना खरा निघणार नाही.

शेतीची डीपी : सगळ्यात जास्त नुकसान इथे

सोलापूरजवळ एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेली ती रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाईनवरून. एवढ्या उंच दाबावर प्रवाह कमी असतो, त्या मानाने तार कमी तापते. वीज वाया जाते ती शेवटच्या टप्प्यात. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीवर पूर्ण भाराला ११ केव्हीच्या बाजूला सव्वापाच अँपिअर वाहतात, ४३३ व्होल्टच्या बाजूला १३३. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. तार आणि अंतर तेवढंच धरलं तर लघुदाबावर ती ६४० पटींहून जास्त. उसाच्या किंवा डाळिंबाच्या रानात लघुदाब लाईन पार दीड किलोमीटर लांबवणं म्हणून महागात पडतं. उच्चदाब लाईन रानापर्यंत नेऊन २५ केव्हीएची छोटी डीपी बसवतात, ती यासाठीच. तिचा पूर्ण भार ३३ अँपिअर, म्हणजे ५ एचपीचे चार पंप. पाचवा, सहावा पंप ‘जरा जोडून घेऊ’ म्हणून चढला की पहिल्याच उन्हाळ्यात ती जाते.

ऑटोस्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा स्विच) ही यातली सर्वांत घातक सवय. ५ एचपीचा पंप चालू असताना साधारण ८ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या सहापट. १५ पंपांच्या १०० केव्हीएच्या डीपीवर वीज येताच सगळे एकदम उठले तर ७२० अँपिअरची मागणी होते, पूर्ण भाराच्या पाचपटींहून जास्त. व्होल्टेज कोसळतं, मोटारी उचलत नाहीत, जास्त वेळ जास्त प्रवाह ओढतात आणि फ्यूज जातो. फ्यूज सारखा जातो म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खोबणीत) ॲल्युमिनियमची जाड तार घातली जाते. मग फ्यूज जात नाही, डीपी जाते. ऑटोस्विच काढा, हेच आमचं सांगणं. रात्रीच्या पाळीत रानात जाणं खरंच कठीण असेल तर निदान प्रत्येक पंपाला वेगळ्या वेळेचा टायमर लावा, दोन पंपांत किमान अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवून.

कपॅसिटर ३ एचपीला १, ५ एचपीला २, साडेसात एचपीला ३ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक), असं साधारण प्रमाण आहे. तो लावूनही फायदा दिसला नाही, ही तक्रार नेहमी येते. कारण बहुतेक वेळा पुढीलपैकी एक असतं.

प्रवाह चुकीच्या जागी मोजला. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा चिमटा) मोटारीच्या केबलवर लावला तर आकडा बदलणारच नाही. तो कपॅसिटरच्या जोडाच्या आधी, लाईनच्या बाजूला लावा. ०.८ पॉवर फॅक्टरची (पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ८ अँपिअर घेणारी मोटार २ केव्हीएआर लावल्यावर तिथे सुमारे ६.७ अँपिअर दाखवते. प्रवाह एवढाच उतरला तरी तेवढ्या तारेतली हानी सुमारे ३० टक्क्यांनी घटते.

कपॅसिटर मेलेला आहे. ४१५ व्होल्टवर २ केव्हीएआरचा कपॅसिटर प्रत्येक फेजला पावणेतीन अँपिअरच्या आसपास घेतो. एका फेजवर शून्य असेल तर बदला. रानात ३५० व्होल्टच येत असतील तर चांगला कपॅसिटरही सत्तर टक्केच काम करतो. तो दोष त्याचा नाही.

जोड स्टार्टरच्या आधी केला. मग मोटार बंद असतानाही तो लाईनवर राहतो. स्टार्टरच्या पुढे, मोटारीबरोबर तुटेल असा जोडा. ओव्हरलोड रिलेच्या पुढे जोडला असेल तर रिलेची सेटिंगही कमी करा, कारण रिलेला आता ८ नव्हे, ६.७ अँपिअरच दिसतात. जुनीच सेटिंग ठेवली तर मोटार जळताना रिले गप्प बसेल. आणि वीज बंद केल्यावर निदान मिनिटभर तरी टर्मिनलला हात लावू नका.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडला सोडते. मुरमात तर मुळातच रोध जास्त. पावसाळ्यात मोजलेला रोध मे महिन्यात खरा राहत नाही. मोजणी उन्हाळ्यात करा, ५ ओहमच्या आत ठेवा आणि खड्ड्याला पाणी घाला. डीपीच्या न्यूट्रलची अर्थिंग कच्ची असताना न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास जातात.

एकाच फेजवर अर्धं गाव

आर फेजवर १५० अँपिअर, वाय आणि बी वर ६०-६०. एकूण २७०, म्हणजे डीपी झेपतेय असं वाटतं. पण न्यूट्रलमधून ९० अँपिअर परत येतात. न्यूट्रलची तार तेवढ्याच जाडीची धरली तर ही मांडणी प्रत्येक फेजवर ९०-९० अँपिअर असण्यापेक्षा ५५ टक्के जास्त वीज तापवण्यात घालवते. संध्याकाळी ७ ते ९ मध्ये तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजा, दुपारचा आकडा उपयोगाचा नाही. मग घरं फेजवार वाटा. एका वायरमनचं एका दिवसाचं काम.

जोड

ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याची तार गुंडाळली की ओल लागताच गंज धरतो आणि जोड तापू लागतो. द्विधातू लग वापरा. एरियल बंच केबल (खांबांवरून नेलेली आवरणाची जुडी केबल) टाकली, पण घरोघरचे जोड देताना आवरण सोलून वर चिकटपट्टी मारली, तर केबलचा अर्धा उपयोग गेला: पाणी आत शिरतं आणि उघडी तार आकड्याला निमंत्रण देते. आवरण टोचून बसणारे कनेक्टरच वापरा. त्यांच्या बोल्टचं डोकं ठरावीक ताणाला आपोआप तुटतं. ते तुटलेलं नसेल तर जोड सैल आहे. हे खालून दुर्बिणीनेही तपासता येतं.

यंत्रमाग आणि जुने वाडे

मागाच्या मोटारी कमी भारावर चालतात, त्यामुळे पॉवर फॅक्टर पडतो. ५० किलोवॉटच्या कारखान्याचा तो ०.७५ असेल तर मागणी ६६.७ केव्हीए; ०.९८ केला तर ५१. त्यासाठी सुमारे ३४ केव्हीएआर लागतात. मात्र हे सगळे कपॅसिटर कायम चालू ठेवण्याची चूक करू नका. सुट्टीच्या दिवशी माग बंद आणि कपॅसिटर चालू राहिले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो, आणि बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर हिशेबात धरणाऱ्या युनिटांवर) असेल तर तेही महागात पडतं. आपोआप टप्प्याटप्प्याने जोडणारं पॅनेल घ्या. घरगुती मीटरवर माग चालवू नका: वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली ही अनधिकृत वापरात मोडते आणि आकारणी दरपत्रकाच्या दुप्पट होते.

जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. बदलून येणारे नवे मीटर मात्र जुन्या चकतीच्या मीटरपेक्षा बारीक नजरेचे आहेत. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह पाहतात आणि फरक आढळला तर जास्त असेल तो धरतात. जुन्या वाड्यात, चाळीत चार खोल्यांचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो. शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून गेला तर बिल फुगतं आणि छेडछाडीची नोंदही पडते. तपासणी सोपी आहे. घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरचा दिवा लुकलुकतो का पाहा. लुकलुकत असेल तर परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक खोलीचा न्यूट्रल वेगळा करून घ्या. त्यानंतरही शंका राहिली तर मीटर तपासणीचा अर्ज करा. अर्जासोबत मेन बंद असतानाची दोन रीडिंग, वेळेसह, जोडा. डीपीबद्दल १९१२ वर तक्रार करताना डीपीवर रंगवलेला क्रमांक आणि जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा, नाहीतर वायरमन भलत्याच डीपीवर पोचतो.