गावातला वारसा जपायचाय? मग या चुका टाळा

देऊळ गळायला लागतं. बैठक बसते, वर्गणी जमते, कुणीतरी मोठी देणगी जाहीर करतं आणि बघता बघता जुनं दगडी देऊळ उतरवून तिथं आरसीसीचा सभामंडप उभा राहतो. कोरीव खांब ओढ्याच्या कडेला पडतात. ज्यांनी हे केलं त्यांची श्रद्धा खरी असते, कष्टही खरे असतात, म्हणून तर जास्त हळहळ वाटते. नुसती गळती काढली असती तरी ते देऊळ आणखी काही पिढ्या सहज टिकलं असतं. महाराष्ट्रात गावोगावी हे चाललंय. वास्तूला नेमकं काय झालंय हे कळायच्या आत काम सुरू होतं, तिथंच सगळं बिघडतं.

आधी पैसा, मग पाहणी

निधी मंजूर झाला की ३१ मार्च डोळ्यांसमोर येतो. मग घाईघाईत एस्टिमेट, ठेकेदार, नारळ. हा क्रम उलटा करा. पैसे नसतानाच पाहणी करून ठेवा. त्याला खर्च जवळपास नाहीच. वास्तूचे चारी बाजूंनी आणि आतून फोटो घ्या, मापं घ्या, तारीख टाका. सातबारा किंवा गावठाणातला उतारा काढा आणि मालक कोण ते बघा: ग्रामपंचायत, देवस्थान ट्रस्ट, की एखादं घराणं? ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदही पाहून घ्या. हे राहून गेलं की निम्मं काम झाल्यावर हरकत येते आणि उघडी पडलेली भिंत अख्खा पावसाळा भिजत राहते.

पाहणी जमल्यास भर पावसात करा. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती ठणठणीत वाटतात. पाणी कुठून शिरतं, पन्हळ कुठे तुंबते, जोत्यापाशी कुठे साचतं, हे जुलैत उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. भेग दिसली की लगेच भिंत पाडायची भाषा नको. भेगेवर आडवी एक काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने घट्ट बसवा, शेजारी तारीख लिहा. वर्षभरात काच तडकली तर भिंत अजून हलतेय, मग पाया आणि पाण्याचा निचरा तपासायला जाणकार बोलवा. काच शाबूत राहिली तर भेग बहुधा जुनी, स्थिरावलेली आहे. ती चुन्याने भरून भागण्यासारखी असते.

सिमेंटचा मोह

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. चुन्यातली जुनी भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, वाट काढत वर चढते आणि सिमेंट संपतं तिथून बाहेर पडते. येताना क्षार घेऊन येते. दोन-तीन पावसाळ्यांत पांढरी पूड सुटते, दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. मग लोक म्हणतात, "भिंत जुनी झाली, अजून एक थर मारा." इथंच आजार वाढतो.

हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळांत तर दगडांच्या सांध्यांत चुनासुद्धा नसतो. दगडावर दगड, खाचेत खाच बसवून भाराने पेललेली रचना असते. असल्या भिंतीच्या दरजा, म्हणजे सांध्यांतल्या फटी, सिमेंटने भरणं म्हणजे तिची हालचाल बंद करणं. तडा मग सांध्यात न जाता दगडात जातो.

सिमेंट आधीच लागलेलं असेल तर? ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा कापल्या जातात. सैल झालेलं सिमेंट हातोडी-छिन्नीने हळूहळू निघतं. जे घट्ट बसलंय आणि काढताना दगडच फुटतोय, ते तूर्त राहू द्या. पूर्वी चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या रिकाम्या दरजा चुन्यानेच भरा, भरल्यावर गोणपाट टाकून ओल्या ठेवा. चुना सावकाश धरतो. गवंड्याला त्याची सवय नसेल तर एका कोपऱ्यात हातभर जागेत नमुना करून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. एस्टिमेट करणारा अभियंता सवयीने सिमेंट लिहितो. तिथंच हटकून चुना लिहून घ्या, नंतर ठेकेदार ऐकणार नाही.

ऑइल पेंटचंही तेच. काळ्या दगडाला गुलाबी-पिवळा रंग दिला की नक्षी बुजते आणि ओल अडकते. दिलेला रंग काढायला सँडब्लास्टिंग किंवा ॲसिड अजिबात नको. रंगाबरोबर कोरीवकामाची धारही जाते. तळहाताएवढ्या जागेवर चाचणी करून जाणकार सांगेल तसंच पुढे जा.

झाड उपटणं

भिंतीत उगवलेला पिंपळ दोन पानांचा असतानाच काढावा, तेव्हा तो बोटांनी निघतो. मोठा झाल्यावर ओढून काढला तर मुळांबरोबर दगडही येतात. वरून नुसता तोडला तर पुन्हा फुटतो. मुळं खोल असतील तर तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. त्यासाठी दगड उतरवण्याआधी प्रत्येकावर क्रमांक हवा, फोटोवरही तोच क्रमांक हवा. खडूने लिहू नका, पहिल्याच सरीत पुसला जाईल. आत जाणाऱ्या बाजूला रंगाने लिहा.

बारवेत जेसीबी

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. तिचा गाळ काढायचा उत्साह चांगला, पण जेसीबीच्या बकेटने पायऱ्या निखळतात. गाळ माणसांनी, टोपल्यांनी काढावा आणि चाळून बघावा. त्यात मूर्ती, नाणी, लेखाचा तुकडा निघू शकतो. तळाला काँक्रीट टाकलं की झरे बुजलेच. काही निघालं तर घासायचं नाही, शेंदूर लावायचा नाही, लगेच तलाठी-तहसीलदारांना कळवायचं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

"आपलंच आहे, परवानगी कशाला?"

वास्तू संरक्षित आहे का, हे आधी तपासा. केंद्राच्या यादीतल्या स्मारकांना १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे आणि काम राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतं. या दोन्ही यादींत नसलेल्या वास्तू मात्र शेकड्यांनी आहेत. त्यांना वाचवणारं गावाशिवाय कुणी नाही. यादीत नाही म्हणजे मोलाची नाही, हा समज डोक्यातून काढा.

अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख बघा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो गणला जातो, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. तो कित्येक वर्षं रस्त्याकडेला उघड्यावर होता. आपल्या गावातली वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड) आज कुठे आहे? कपडे धुवायच्या दगडाखाली, गटाराच्या झाकणावर, की नव्या मंदिराच्या पायात? मूळ जागेवर सुरक्षित असेल तर हलवू नका. ती जागाही इतिहासच सांगत असते.

यादीत फक्त देऊळ

वेस, चावडी, तालीम, दर्गा, घाट, जुनी शाळा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं देवाचं ठाणं, सगळं यादीत यायला हवं. यादी करायला चार पुढारी बसले की त्यांच्या आळीपुरतीच यादी होते. प्रत्येक वस्तीतली बाई-माणसं बरोबर घ्या. जात्यावरच्या ओव्या, पाणवठ्याची नावं त्यांनाच ठाऊक असतात.

कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, शोधत फिरणाऱ्या स्थानिकांच्या पायपिटीशिवाय ती नोंद झाली नसती.

आराखड्यात ओळच नाही

रस्ता रुंदीकरणात वेस पडते, कारण ती कुठल्याच कागदावर नसते. केलेली यादी ग्रामसभेत ठरावाने मंजूर करा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला. पार्किंग, शौचालय, हायमास्ट वास्तूला खेटून नको. दिव्यांसाठी दगडात लोखंडी खिळे तर नकोच. लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं.

आराखड्यात देखभालीसाठी दरवर्षी एक छोटी रक्कम वेगळी दाखवा: मे अखेर छतावरचा पालापाचोळा आणि पन्हळी साफ, जोत्याभोवतीचा निचरा मोकळा, भिंतीतली रोपं काढलेली. हे कुणी करायचं, त्याचं नाव ठरावातच लिहा.