जुनं कोठार रंगवताना ऋतू आधी सावलीत बघा

शेताकडेचं जुनं लाकडी कोठार रंगवायला घेतलं की ऋतू दाखवायचं सगळं काम आपण झाडांवर सोपवतो. वसंतात पोपटी पालवी, शरदात तांबडी पानं, हिवाळ्यात निष्पर्ण फांद्या. भिंत मात्र प्रत्येक चित्रात त्याच तपकिरी रंगाची. मग कोठार दुसऱ्याच चित्रातून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मी जलरंगात काम करते, आणि माझं ठाम मत आहे की ऋतू सगळ्यात आधी उतरतो तो भिंतीच्या सावलीतल्या बाजूवर. तिथला रंग साधला, तर झाडं निम्मीच काढली तरी चालतं.

सावलीतल्या बाजूला थेट ऊन मिळत नाही. तिच्यावर येणारा उजेड आकाशाचा असतो किंवा समोरच्या जमिनीवरून उसळून आलेला. म्हणून जमिनीचा रंग बदलला की भिंतही बदलते. वळचणीखाली उभं राहून वर बघा. छपराची खालची बाजू जमिनीकडे तोंड करून असते, त्यामुळे हा फरक तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. समोर ओलं गवत असेल तर हिरवट, कापणी झालेलं शेत असेल तर मधाळ पिवळट आणि बर्फ पडलेलं असेल तर एरवी काळोखी असलेली ती जागा चक्क उजळ.

हे ताडून बघायचं तर कोठार एकच हवं आणि बसायची जागाही तीच. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1890-91मध्ये गव्हाच्या गंजी याच पद्धतीने रंगवल्या. विषय तोच, उजेड बदलला की कॅनव्हास दुसरा. त्यातली 15 चित्रं मे 1891मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एकत्र लागली होती. तुम्ही एक नीट रेखाटन करून ते ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवा. दर ऋतूत तेच कागदावर घ्यायचं, म्हणजे सगळं लक्ष रंगाकडे राहतं. रेखाटनात पट्टी वापरू नका. जुन्या छपराचं आढं मधोमध थोडं दबलेलं असतं आणि दाराची चौकट कललेली. कोठाराचं वय त्या वाकड्या रेषांतच असतं.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत, शक्यतो कॉटनचा घ्या. रंग मोजकेच पुरतात: अल्ट्रामरीन (गडद निळा), कोबाल्ट ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि एक थंड, म्हणजे हिरवट झाक असलेला पिवळा.

आता लाकूड. उघड्यावरचं लाकूड कालांतराने रुपेरी करडं होतं, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातलं लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा घटक) विघटित होतं, ते पावसाने धुऊन जातं आणि फिकट तंतू मागे उरतात. या करड्यासाठी ट्यूबमधला तयार ग्रे नको. भिंतीच्या आकारात स्वच्छ पाणी लावा, वरून अल्ट्रामरीन सोडा, खालून बर्न्ट सिएना, आणि कागद तिरका धरून दोघांना आपापलं मिसळू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि लाकडाचा खरखरीतपणा आयता मिळतो. पूर्ण सुकल्यावर चारदोन फळ्यांच्या फटी ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने सुचवा. सगळ्या फळ्या मोजून काढल्या की भिंत मरते. पत्र्यावरच्या गंजाला बर्न्ट सिएनाच घ्या. गंज आणि हा रंग, दोन्हींच्या मुळाशी आयर्न ऑक्साइडच आहे.

उन्हाळा मला सगळ्यात अवघड वाटतो. सगळीकडे एकसारखा हिरवा आणि दुपारी डोक्यावर सूर्य. मध्य अक्षांशांच्या प्रदेशात भर उन्हाळ्यातल्या आणि भर हिवाळ्यातल्या माध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीत सुमारे 47 अंशांचा फरक पडतो. त्यामुळे दुपारच्या उन्हाकडे तोंड असलेल्या भिंतीवर उन्हाळ्यात वळचणीची सावली बरीच खाली उतरते, हिवाळ्यात मात्र तिची बारीकशी पट्टीच उरते. ही पट्टी अचूक रुंदीची काढा, अर्धा ऋतू तिथेच सांगून होतो. हिरवा घरीच मिसळा: जवळच्या गवताला पिवळा जास्त, लांबच्या झाडीला निळा जास्त आणि त्यात चिमूटभर सिएना.

वसंतात पालवी विरळ असते, फांद्यांमधून कोठार दिसत राहतं, तेव्हा पानं ठिपक्याठिपक्यांनीच ठेवा. शरदात नारिंगी रंगाचा मोह आवरा. एकच झाड पेटतं ठेवा, बाकीची ऑकरमध्ये दबू द्या आणि मागे कोबाल्टचं आकाश घ्या. पावसाळी दिवशी रुपेरीपणा नाहीसा होतो. पाणी शिरलं की लाकडाच्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड कमी विखुरतो आणि फळ्या गडद तपकिरी होतात. तेव्हा मिश्रणात सिएनाचा हात मोठा ठेवायचा.

बर्फ म्हणजे कोरा कागद, पण सगळाच नव्हे. निरभ्र दिवशी बर्फावरच्या सावल्या आकाशाचा निळा घेतात. तिथे पातळ कोबाल्ट द्या आणि बर्फ जिथे गोलाई घेतो तिथे सावलीची कड ओल्या ब्रशने विरघळवा. गोठवणाऱ्या थंडीत बाहेर पूर्ण चित्र करू नका, वॉश (पातळ रंगाचा थर) सुकायच्या आधीच कागदावर गोठतो. रंगांची टिपणं घ्या आणि चित्र घरात पुरं करा.

चित्र सुकलं की आकाश, झाडं आणि जमीन कोऱ्या कागदांनी झाका. उरलेल्या भिंतीवरून ऋतू ओळखू येतो का बघा. येत नसेल तर सावलीतल्या बाजूवर एक पातळ ग्लेझ (सुकलेल्या रंगावरचा पारदर्शक थर) द्या: गवताचा हिरवा, शेताचा ऑकर किंवा बर्फाच्या दिवसांत कोबाल्ट. तळाशी थोडं दाट, वर जाताना पाण्याने फिकट. मऊ, रुंद ब्रश घ्या आणि एकाच फेरीत काम संपवा. ओल्यात परत हात फिरवलात तर खालचं करडं उठून येतं.