फील्ड एमिशन कॅथोडमध्ये टोकांची गर्दी टाळावी

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत प्रकल्पासाठी कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) फील्ड एमिशन कॅथोड, म्हणजे तीव्र विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन बाहेर सोडणारा ऋण अग्र, बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना सहसा असे वाटते की, नळ्या जितक्या दाट तितकी प्रवाहघनता (दर एकक क्षेत्रफळामागे मिळणारा विद्युतप्रवाह) जास्त. परंतु केळीच्या बागेप्रमाणे येथेही अंतर राखावेच लागते. इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यासाठी टोकाशी दर नॅनोमीटरला काही व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र लागते आणि शेजारची टोके फार जवळ असली, तर ती एकमेकांचे क्षेत्र झाकून टाकतात, त्यामुळे दाट थरातील बहुतेक नळ्या जवळजवळ निष्क्रिय राहतात. म्हणून दोन नळ्यांमधील अंतर त्यांच्या उंचीच्या साधारणपणे एक ते दोन पट ठेवावे.

फाउलर आणि नॉर्डहाइम या भौतिकशास्त्रज्ञांनी 1928 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार टोकांतून निघणारा हा प्रवाह विद्युतक्षेत्राबरोबर घातांकी वेगाने वाढतो, त्यामुळे थोडीशी उंच असलेली एखादी नळीच बहुतेक प्रवाह ओढते आणि जळून जाते, प्रसंगी ठिणगी पडून संपूर्ण नमुना खराब होतो. म्हणून प्रवाहाला आवर घालण्यासाठी कॅथोडला एकसर रोधक जोडावा, व्होल्टेज सावकाश वाढवावे आणि निर्वात कक्ष आधी तापवून भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ काढून टाकावी. पावसाळ्यात तर हे टाळूच नये.

प्रवाहघनता नोंदवताना भागाकार कोणत्या क्षेत्रफळाने केला, हे स्पष्ट लिहावे. केवळ टोकांचे क्षेत्रफळ धरले तर आकडा डोळे दिपवणारा येतो, पण उपकरणाच्या दृष्टीने संपूर्ण कॅथोडचे क्षेत्रफळच महत्त्वाचे असते.